गरम फरशी, तरट आणि माझं एक चुकलेलं वाक्य

काका, नमस्कार.

सासूबाईंच्या खोलीत फरशीखाली विजेची हीटिंग मॅट (विजेनं तापणाऱ्या तारेची चटई) बसवली, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही कसबा बावड्याहून सविस्तर लिहिलंत. पस्तीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसानं एवढा वेळ काढून चुका दाखवाव्यात, याचं मला खरंच मोल वाटतं. तुमची प्रतिक्रिया बाकीच्यांच्या नजरेतून सुटली असेल, म्हणून तिचा गाभा आधी सांगते. कोल्हापुरात थंडी असते जेमतेम दोन महिने, त्यासाठी फरशी उखडायची कशाला? "किलोवॅट म्हणजे किलोवॅट. तार फरशीत घाला नाहीतर भिंतीला टांगा, मीटर तेवढाच फिरणार." ओल्या फरशीखाली करंट खेळवणं हा जीवाशी खेळ आहे. पूर्वी शेगडी होती, घोंगडं होतं, कुणाचं काही अडलं नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत की काकू पहाटे पाचला देवपूजेला बसतात, त्यांच्यासाठी तुम्ही तरट अंथरता आणि तेवढं पुरतं.

आधी माझी चूक. "या पद्धतीत निम्म्या विजेत तीच ऊब मिळते" असं मी लिहिलं होतं. ते वाक्य चूक आहे आणि तुमचा किलोवॅटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. तारेतून वीज गेली की तिची सगळी उष्णता होते, मग ती कॉइल ब्लोअरमधली असो, रॉडची असो की फरशीखालची. तार तापवून एका युनिटमधून कुणीही एका युनिटपेक्षा जास्त उष्णता काढू शकत नाही. मी दोन वेगळ्या गोष्टींची तुलना केली होती, आणि तिथेच घोटाळा झाला.

मग फरक कशात आहे? जानेवारीत पहाटे गुऱ्हाळावर उभं राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हवा गार असते, तोंडातून वाफ निघते, पण चुलवाणाच्या तोंडासमोर जाळ घालणारा माणूस घामानं निथळत असतो. तोच माणूस चार पावलं बाजूला कायलीच्या आडोशाला गेला की कुडकुडतो. दोन्ही ठिकाणची हवा जवळपास सारखीच गार. फरक पडतो तो जाळाकडून थेट अंगावर येणाऱ्या उष्णतेनं, मधली हवा तिला फारशी अडवत नाही. शिरोलीच्या फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओतताना चेहरा भाजतो, तोही असाच.

याचंच उलटं रूप आपण घरात रोज भोगतो. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता सतत बाहेर जात असते, आणि तिचा मोठा वाटा समोरच्या गार भिंती, गार फरशी, गार स्लॅब यांच्याकडे जातो. वारा नसेल तर अंगाला जाणवणारं तापमान हे हवेचं आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांचं साधारण सरासरी असतं. हवा २० अंश आणि दगडी भिंती १६ अंश असतील, तर अंगाला १८ वाटतं. म्हणून पेठेतल्या जुन्या वाड्यात थर्मामीटर बरा आकडा दाखवतो आणि माणूस मात्र शाल सोडत नाही.

आता हिशेब, या वेळी नीट. सासूबाईंच्या पलंगापासून खुर्चीपर्यंत दोन चौरस मीटरची पट्टी आहे. मॅट चौरस मीटरला १५० वॉटची, म्हणजे एकूण ३०० वॉट. पहाटे साडेचार ते साडेसात, तीन तास. थर्मोस्टॅटनं मध्ये एकदाही बंद केली नाही असं धरलं तरी दिवसाला ०.९ युनिट. ६० दिवसांचे ५४ युनिट. हिशेबासाठी दहा रुपये युनिट धरलं तर सगळ्या थंडीचे ५४० रुपये. खोलीत २००० वॉटचा ब्लोअर तेवढाच वेळ सलग चालवला तर दिवसाला ६ युनिट, हंगामाचे ३६०० रुपये. हे दोन आकडे शेजारी ठेवून मी हुरळून गेले होते. पण ब्लोअर अख्खी खोली गरम करतो. माझी मॅट खोली गरम करत नाही. ती तळपायाला ऊब देते, आणि तिच्याजवळ बसलेल्याला थोडी वरही जाणवते. खोलीतल्या हवेचं तापमान तिनं फारसं वाढत नाही. वीज वाचते ती गरम करायची जागा लहान ठेवल्यामुळे.

आणि अख्खी खोलीच गरम करायची असेल, तर माझं मत तुमच्याही पुढे जातं: तिथं तार घालूच नये. गरम हवेचीही सोय असलेला इन्व्हर्टर एसी बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. आपल्या सौम्य थंडीत तो एका युनिटमागे तीन युनिटच्या आसपास उष्णता सहज देतो. पन्हाळ्यावर हॉटेलच्या खोल्या उबदार करायच्या म्हणून एकानं मला विचारलं होतं, त्यांना मी हेच सांगितलं. कोल्हापुरात सबंध फ्लॅटच्या फरशीखाली विजेची तार घालणं हा मंजूर भाराचाही प्रश्न आहे. शंभर चौरस मीटरला १५० वॉटनं १५ किलोवॅट होतात. आपल्या नेहमीच्या सिंगल फेज मीटरला ते झेपणार नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार.

शेगडीबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि हे थोडं कळकळीनं लिहिते. परड्यात पेटणारा बंब वेगळा आणि दार लावलेल्या खोलीत पलंगाखाली सरकवलेली कोळशाची शेगडी वेगळी. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याचं कळतही नाही. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात. "कुणाचं काही अडलं नाही" हे वाचलं की मला ती माणसं आठवतात. खोलीत शेगडी नकोच.

आता करंट. इथं तुमची भीती मला सगळ्यात जास्त पटते, कारण आमच्याच घरात मी हादरले होते. मॅट घालण्याआधी मंगळवार पेठेतल्या त्या जुन्या घराचे सॉकेट तपासले, तर दोन ठिकाणी थ्री-पिनची अर्थिंगची पिन आतल्या आत न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडलेली निघाली. कुणीतरी कधीतरी "टेस्टर लागत नाही ना, मग झालं" म्हणून केलेलं काम. तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल. अशा जोडणीत मागे न्यूट्रल तुटला तर उपकरणाच्या बॉडीवर फेज, म्हणजे जिवंत करंट, येतो. आणि गळती झालेला करंट न्यूट्रलमधूनच परत जात असल्यामुळे आरसीसीबीला, म्हणजे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये फरक पडला की वीज तोडणाऱ्या स्विचला, फरक कळत नाही, तो पडतच नाही. म्हणजे संरक्षण आहे असं वाटतं आणि ते नसतं. त्या घरात आम्ही आधी नवा अर्थिंगचा खड्डा घेतला, खोलीपर्यंत स्वतंत्र अर्थवायर ओढली आणि मॅटला वेगळं सर्किट, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी दिला. मॅटच्या तारेभोवती धातूचं कवच असतं, ते अर्थला जोडलं. पुढेमागे कुणी खिळा ठोकला तर करंट आधी त्या कवचात जाईल आणि आरसीसीबी पडेल. अर्थिंग खरं नसेल तर या सगळ्याला काही अर्थ उरत नाही. मूळ लेखात मी हे दोन ओळींत उरकलं होतं. या कामात तेच सर्वांत मोठं आहे, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत.

मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन धड आहे का ते तपासणारं उपकरण, आम्ही तीनदा लावला: मॅट खोक्यातून काढल्यावर, अंथरून झाल्यावर आणि वर फरशी बसल्यावर. फरशी बसवणाऱ्याच्या थापीनं तार दुखावते, म्हणून शेवटची तपासणी सोडू नये. तार कुठून कशी गेली आहे त्याचे मोजायची टेप शेजारी ठेवून काढलेले फोटो मीटरपेटीच्या दाराला आतून चिकटवले आहेत.

पहिल्या प्रयत्नात एक चूक माझीही झाली होती. आधीच्या एका कामात जुन्या कोब्यावर थेट मॅट अंथरली, खाली इन्सुलेशनचा बोर्ड घातला नाही. दोन तास चालवूनही शहाबादी फरशी कोमटसुद्धा होईना. निम्मी उष्णता खाली जमिनीत मुरत होती. ती फरशी काढून खाली बोर्ड घालून सगळं पुन्हा केलं, खर्च मी सोसला. सासूबाईंच्या खोलीत पाऊण तासात फरशी १८ वरून २६ वर येते. २७ च्या वर आम्ही जाऊ देत नाही. युरोपातल्या मानकांत राहत्या खोलीला २९ ची मर्यादा आहे, पण सासूबाईंना मधुमेह आहे. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होते आणि चटका बसलेला कळत नाही. म्हणून फरशीतच तापमानाचा सेन्सर बसवला आहे. त्या पट्टीवर गादी टाकून झोपायचं नाही आणि पाय नसलेलं कपाटही ठेवायचं नाही, कारण खाली उष्णता कोंडते.

पूररेषेतल्या तळमजल्यावर हे करूच नये. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवून मी दोन घरांना नकार दिला. तार एकवेळ पाण्यात टिकेल, पण तिचा सांधा आणि थर्मोस्टॅट नाही टिकणार. पाणी ओसरल्यावर कुणीतरी मेगर न लावता स्विच टाकेल, ही भीती मला जास्त वाटते.

राहिलं तुमचं तरट. ते अगदी बरोबर आहे. फरशी आणि तरट एकाच खोलीत एकाच तापमानाला असतात. पण दगड पायातली उष्णता भराभर ओढून घेतो, तागाच्या धाग्यांत हवा अडकलेली असल्यामुळे तरट ती ओढत नाही. घोंगड्याचंही तेच. काकूंना वीज लागत नाही आणि त्यांच्यासाठी ही मॅट मी कधीच सुचवणार नाही.

आमच्याकडेही आधी सतरंजीच होती. दोन वर्षांपूर्वी पहाटे सतरंजीच्या काठात पाय अडकून सासूबाई पडल्या, मनगट मोडलं. डॉक्टरांनी खोलीतून सगळ्या सुट्या अंथरुणपट्ट्या काढायला लावल्या. त्यानंतर त्या उघड्या शहाबादीवर पाय टेकायला घाबरायच्या, उशिरापर्यंत पलंगावरच बसून राहायच्या, बाथरूमला जाणं लांबवायच्या. ऊब हवी होती आणि फरशीवर काही सुटं नको होतं. ही तार त्या एका अडचणीसाठी आहे. हे कारण मूळ लेखात लिहायचं मी टाळलं, कारण घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायला संकोच वाटला. सासूबाईंनीच आता लिही म्हणून सांगितलं.

तार तुटली तर सगळी फरशी उखडायची का, असंही तुम्ही विचारलंत. नाही. तुटलेली जागा उपकरणानं शोधता येते, तिथली एखाद-दुसरी फरशी काढून सांधा मारता येतो. पण तो सांधा चांगला मारणारा माणूस आपल्या गावात मला अजून भेटलेला नाही.

"निम्म्या विजेत" हे वाक्य मी आज लेखातून काढलं आहे आणि चूक तुम्ही दाखवलीत हे तिथं लिहिलं आहे. डिसेंबरात मॅट सुरू करण्याआधी मेगर पुन्हा लावायचा आहे. तुमचा स्वतःचा घेऊन आलात तर बरं होईल. काकूंनाही आणा.