"नॉन-डिटर्जंट ऑइल शुद्ध असतं, कुठंही ओता" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

शेतीच्या आणि गॅरेजवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज परत फिरायला लागलाय. थोडक्यात असं, की बंद पडलेल्या वर्कशॉपात, जुन्या स्पेअरच्या दुकानात एसएई ३० (हा ऑइलच्या जाडीचा नंबर) नॉन-डिटर्जंट ऑइलचे, म्हणजे इंजिन साफ ठेवणारं केमिकल न घातलेल्या साध्या तेलाचे, डबे पडून असतात, स्वस्तात मिळतात, ते उचला, त्यात केमिकल नसतं, शुद्ध तेल असतं, म्हणून डिझेल इंजिनात, टू-स्ट्रोक पंपात, गिअरबॉक्समध्ये, झाडावर फवारायला, जनावरांच्या गोचिडाला, सगळीकडं चालतं, आणि कंपन्या हे मुद्दाम लपवतात. यातलं थोडं खरंय, म्हणूनच लोक डोळे झाकून फॉरवर्ड करतायत. बाकीचं एकेक करून बघू.

"केमिकल नाही म्हणजे इंजिनाला चांगलं." उलटं आहे. इंजिन ऑइलमधलं डिटर्जंट म्हणजे मुख्यतः कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची संयुगं, ती जळणातून तयार होणारं आम्ल मारतात आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचा स्वच्छ ठेवतात, आणि त्यांच्या जोडीला डिस्पर्संट असतं ते काजळीचे बारीक कण तेलातच तरंगत ठेवतं, म्हणजे ऑइल बदललं की घाण त्याच्याबरोबर बाहेर. डिझेल इंजिनाचं नवं ऑइल लवकर काळं पडतं ते याच्यामुळंच, काळं पडलं म्हणजे डुप्लिकेट निघालं असं नाही, ते त्याचं काम करतंय. साध्या तेलात हे काहीच नाही. काजळी संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, गाळ होऊन बसते, रिंगा चिकटतात, कॉम्प्रेशन जातं, मग निळा धूर आणि शेवटी सिलिंडरच्या बोअरिंगचा खर्च. आणि लपवण्याचं म्हणाल तर एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ग्रेडमध्ये हे सरळ लिहिलेलं आहे: 'एसए' म्हणजे बिनऍडिटिव्हचं, वरून कुठलंच केमिकल न घातलेलं तेल, १९३० नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना चालत नाही. 'एसबी'ची मर्यादा १९५१. डिझेलमधल्या जुन्या 'सीए' ग्रेडमध्ये तर थोडं डिटर्जंट असायचं, तरी ती पण १९५९ नंतरच्या इंजिनांना चालत नाही. डबा फिरवून ग्रेड वाचा, बस.

"आजोबांच्या इंजिनात हेच तर पडायचं." हो, पडायचं. विहिरीवरची ती संथ फिरणारी एक सिलिंडरची ऑइल इंजिनं, आपल्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पण ढिगानं बनली, त्या पिढीच्या बऱ्याच इंजिनांना धड ऑइल फिल्टर नसायचा, घाण तळाला बसलेलीच बरी असा हिशोब होता. पण त्याची दुसरी बाजू मेसेजवाला सांगत नाही, की तेव्हा ऑइल सारखं बदलायला लागायचं आणि अधूनमधून संप उघडून गाळ हातानं काढायला लागायचा. आज कोण करतंय ते? काहीजण म्हणतील की आता डिझेलमधलं गंधक कमी झालंय. खरंय, एप्रिल २०२० पासून बीएस ६ चं डिझेल आलं, त्यात गंधक १० पीपीएमच्या वर नसतं, म्हणजे आम्लाचा त्रास कमी झाला, पण काजळी होतेच ना. त्यामुळं चालू इंजिनात त्याच्या पुस्तकात लिहिलेलंच ऑइल घाला. आणि एखादं इंजिन खरंच वर्षानुवर्षं साध्या तेलावर चालत आलं असेल तर त्यात एकदम डिटर्जंट ऑइल ओतून लगेच फुल लोडवर लावू नका, जुना गाळ सुटून ऑइलच्या वाटा बुजू शकतात. आधी संप साफ करा आणि पहिलं ऑइल लवकर बदला.

टू-स्ट्रोकचं थोडक्यात. जुन्या स्कूटरला लिटरला २० मिली ऑइल मिसळायचो ते सगळ्यांना आठवतं, पण फवारणीचा पंप, ब्रश कटर यांना आता टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोकचं) ऑइल लागतं, ते पेट्रोलमध्ये नीट मिसळायला आणि कमी राख सोडून जळायलाच बनवलेलं असतं. एसएई ३० घातलं तर मशीन चालू होईल, कोण नाही म्हणतंय, पण प्लग काळा आणि सायलेन्सरचं भोक कार्बननं बुजलेलं.

"गिअरबॉक्स, जॅक, ब्रेक, सगळ्याला एकच." हा मुद्दा सगळ्यात धोक्याचा. गिअर ऑइलमध्ये दातांवरचा दाब सोसणारं ईपी ऍडिटिव्ह असतं, डिफरन्शियलला तर ते पाहिजेच, साध्या तेलात ते नाही. हायड्रॉलिक जॅकला हे तेल जास्त जाड. आणि ब्रेकमध्ये तर थेंबभर पण नको, डॉट ३, डॉट ४ ब्रेक ऑइल हे खनिज तेल नसतंच, ब्रेकमधली रबरी सीलं खनिज तेलानं फुगतात आणि ब्रेक जाम होतो नाहीतर जातो. हे फॉरवर्ड करणाऱ्यानं उतारावर गाडी चालवलीय का कधी?

फवारणीचं. मावा, पिठ्या ढेकूण यांच्यावर तेल फवारतात हे खरं आहे, तेलाच्या थरानं किडीचा श्वास कोंडतो, पण त्यासाठीचं फवारणीचं खनिज तेल वेगळं असतं, हलकं आणि खूप शुद्ध केलेलं, पानाला जाळणारे घटक काढून टाकलेले, आणि पाण्यात मिसळायला इमल्सिफायर घातलेला. मोटर ऑइल जाड, पाण्यात मिसळतच नाही, साबण घालून मिसळलं तरी पानाची छिद्रं बुजवतं, आणि वर ऊन लागलं की पानं करपतात. डाळिंबावर, द्राक्षावर हा प्रयोग करायचा म्हणजे बहर घालवायचा. आंब्याच्या खोडाला प्लॅस्टिकची पट्टी बांधून त्यावर ग्रीस लावतात, पिठ्या ढेकूण वर चढू नये म्हणून, ती वेगळी आणि चांगली पद्धत आहे, तिथं पण ग्रीसच पाहिजे, पातळ ऑइल उन्हात खाली गळून जातं.

गोचीड आणि कुत्र्याची खरूज. कृपा करून नको. जनावर अंग चाटतं, तेल पोटात जातं, कातडी तापते ती वेगळीच. जळक्या ऑइलनं तर अजून वाईट, त्यात कॅन्सर करणारे घटक असतात. गोचिडाचं औषध जनावरांच्या दवाखान्यात मिळतं.

डबक्यात ऑइल टाकून डास मारायचा सल्ला पण त्यातच आहे. अळ्यांवर तेलाचा थर टाकायची पद्धत जुनी आहे, नगरपालिका अळीनाशक तेल वापरतात, पण ते पाण्यावर पातळ पसरणारं असतं. हे जाड ऑइल एका कोपऱ्यात तवंग धरून बसणार आणि पुढच्या पावसात वाहून शेजाऱ्याच्या विहिरीत. गप्पी मासे सोडा, स्वस्त पडतं.

सेंटरिंगच्या प्लेटांना लावायचं म्हणाल तर चालतं, जळक्या ऑइलपेक्षा नक्कीच बरं. पण फडक्यानं पातळ, आणि सळईला अजिबात लागू द्यायचं नाही, काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्यात पण हेच सांगितलंय. जास्त लावलं की काँक्रीटवर डाग आणि छिद्रं, आणि नंतर प्लास्टर धरत नाही म्हणून गवंडी तुम्हाला शिव्या घालणार.

मग खरंच कुठं वापरायचं? पिस्टनवाला एअर कॉम्प्रेसर. पंक्चरवाल्याकडं असतो, गाड्या रंगवणाऱ्याकडं असतो तो. तिथं जळण नाही, म्हणजे काजळी नाही, त्रास असतो पाण्याचा. हवेतली वाफ दाबली की पाणी होतं, ते क्रँककेसमध्ये उतरतं, आणि डिटर्जंट ऑइल त्या पाण्याला धरून ठेवून दुधाळ होतं, साधं तेल मात्र पाणी सोडून देतं, ते तळाला बसतं आणि काढून टाकता येतं. शिवाय ऍडिटिव्हची राख गरम व्हॉल्व्हवर साठत नाही. एसएई ३० म्हणजे मशीनच्या तेलांच्या जाडीच्या आयएसओ व्हीजी ग्रेडमध्ये साधारण १००, ४० डिग्रीला ९० ते ११० सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक), त्यामुळं मशीनच्या पाटीवर १०० लिहिलं असेल तर जुळलं, ६८ असेल तर एसएई २० पाहिजे. खास कॉम्प्रेसर ऑइलमध्ये गंजरोधक वगैरे असतं, यात ते नाही, म्हणून बदलायची मुदत थोडी आधीच धरा. स्क्रू कॉम्प्रेसर, फ्रीज, एसी यात मात्र नको, तिथलं तेल पूर्ण वेगळं.

बाकी मग ऑइल कप असलेली जुनी बेअरिंगं, दुकानाचं शटर, गेटाची बिजागरी, उन्हाळ्यात चेन सॉच्या साखळीला (थोडं उडतं, चिकटपणा नसतो), नांगराचा फाळ आणि रोटाव्हेटरची पाती ठेवून देताना एक हात. पावसाळाभर उघड्यावर ठेवणार असाल तर ग्रीस. पॉवरलूमवाल्यांनी कापडाजवळ आणि रसवंतीवाल्यांनी रसाजवळ हे तेल नेऊ नये, डाग धुतला जात नाही आणि रस लोक पितात.

शेवटचा दावा, "हे तेल कधीच खराब होत नाही." सीलबंद डबा वर्षानुवर्षं टिकतो, मान्य. पण बाहेर उभा ठेवलेला बॅरल दिवसा तापतो रात्री गार होतो आणि वर साचलेलं पावसाचं पाणी झाकणातून आत ओढतो. आडवा ठेवा, दोन्ही झाकणं तेलाच्या पातळीखाली येतील असा. आणि वापरण्याआधी जुना, स्वयंपाकाला न लागणारा तवा गरम करून त्यावर तेलाचा एक थेंब टाका, लांब उभं राहून. तडतडला तर पाणी शिरलंय, मग ते कॉम्प्रेसरला नको, फाळाला पण नको, जळकं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला द्या.