‘कुलूप लावा आणि निघा’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

महोदय,

सरकारी कंत्राट मध्येच संपुष्टात आल्यावर अर्धवट बांधकामाची जागा सुरक्षित कशी करावी, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : जनतेचा पैसा वाचवण्यासाठी कंत्राट रद्द केले असेल, तर त्यानंतर त्या जागेवर एक पैही खर्च होता कामा नये, सुरक्षिततेच्या नावाखाली तेच काम मागल्या दाराने रेटले जाते, आणि ‘फाटकाला कुलूप लावून निघायचे, त्यासाठी एवढा लेख कशाला? ही ठेकेदारांची वकिली आहे.’

मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु ज्याच्याशी आपली ओळखदेख नाही, त्याच्या हेतूवर शिंतोडे उडवायचे आणि त्याला ‘परखड मत’ म्हणायचे, ही रीत मला मान्य नाही. मी सव्वीस वर्षे सरकारी खात्यात अभियंता होतो. ठेकेदारांची बिले तपासली, कापली, परत पाठवली. वकिलीचा आरोप माझ्यावर ठेकेदारांनीसुद्धा कधी केला नाही.

एक चूक मात्र मान्य करतो. काम स्थगित करणे वेगळे आणि कंत्राट संपुष्टात आणणे वेगळे. अमेरिका-मेक्सिको सीमेवरील भिंतीचे काम २० जानेवारी २०२१ च्या घोषणेने थांबवले गेले, तर संरक्षण खात्याच्या निधीतून चाललेली कामे रद्द होत असल्याचे ३० एप्रिल २०२१ रोजी जाहीर झाले. मी दोन्हींना ‘रद्द’ म्हटले होते. आपण लक्ष वेधलेत, मी दुरुस्ती केली.

आता कुलपाविषयी. हे वाक्य मला लागले, कारण असे कुलूप मी स्वतः लावलेले आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका भूमिगत टाकीच्या कामावर मी कनिष्ठ अभियंता होतो. तळाचा तीस सेंटिमीटर जाडीचा रॅफ्ट, म्हणजे सलग काँक्रीटचा पाया, झाला होता, भिंती एका बाजूला पूर्ण आणि दुसरीकडे निम्म्या उंचीपर्यंत आल्या होत्या. भूजल बरेच वर होते, म्हणून पंप रात्रंदिवस चालत. कंत्राट रद्द झाल्याची नोटीस मिळाली त्या संध्याकाळी ठेकेदाराने पंप उचलून नेले. पंप त्याचे होते, डिझेलही त्याचेच. मी वरिष्ठांना विचारले, तेव्हा ‘काम बंद म्हणजे बंद, आता एक रुपयाही टाकता येणार नाही’ असे उत्तर मिळाले. मी फाटकाला कुलूप लावले. त्याआधी टाकीच्या चारही बाहेरच्या कोपऱ्यांवर एकाच पातळीत खडूने रेघा मारून ठेवल्या, म्हणजे खड्ड्यात पाणी किती चढते ते कळावे. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही रेघा वीतभर पाण्याखाली होत्या. चौथ्या दिवशी एका कोपऱ्यातली रेघ पाण्याच्या वर दिसली, तेव्हा पाणी उतरले असे समजून क्षणभर मला हायसे वाटले. समोरच्या कोपऱ्याकडे गेलो, तर तिथली रेघ हातभर खोल गेलेली. पाणी उतरले नव्हते. टाकी तरंगून तिरकी झाली होती.

हिशेब अवघड नाही. दर मीटर उंचीचे पाणी तळाला चौरस मीटरमागे एक टन वर ढकलते, आणि तीस सेंटिमीटर काँक्रीटचे वजन चौरस मीटरमागे जेमतेम पाऊण टन भरते. भिंती आणि वरचा भार पूर्ण होईपर्यंत रिकामी टाकी पंपाच्या भरवशावर जमिनीत बसलेली असते. पंप काढायचेच होते, तर टाकीत आपणहून पाणी सोडायला हवे होते. एका दिवसाचे काम होते. पुढे ती टाकी फोडावी लागली, आणि फोडण्याचा व राडारोडा उचलण्याचा खर्च ‘एक रुपयाही नाही’ म्हणणाऱ्या त्याच खात्याने केला.

अर्धवट बांधकाम रोजच्या देखभालीवर उभे असते, हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. ओल्या स्लॅबखालचे टेकू, खोदाईच्या कडा धरून ठेवणारा आधार, पावसाळी पाण्याचा तात्पुरता चर, यांपैकी कशाचेही कुलपाने भागत नाही. म्हणून फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या कराराच्या नमुन्यातही काम थांबवताना जीवित, मालमत्ता आणि बांधकाम यांच्या सुरक्षिततेसाठी सांगितलेल्या कामांचा अपवाद ठेवलेला आहे. अमेरिकी केंद्र सरकारच्या खरेदी नियमावलीतील ५२.२४९-२ या कलमानुसारही, सरकारने आपल्या सोयीसाठी कंत्राट संपवले तरी, सरकारचा हितसंबंध असलेली जी मालमत्ता ठेकेदाराच्या ताब्यात आहे, तिचे रक्षण त्याला करावेच लागते. या अटी ठेकेदारावर बंधन घालतात, महोदय. त्यांची आठवण करून देण्याला वकिली म्हणत असाल, तर तो शब्द आपण नीट तपासून वापरलेला नाही.

टेक्सासमधील हिडाल्गो काउंटीचेच पाहा. वर सांगितलेल्या सीमेवरील भिंतीसाठी तिथला पूरसंरक्षक बांध सुमारे तेरा मैलांच्या पट्ट्यात कमकुवत झाला होता आणि काम जानेवारीत थांबले. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. संरक्षण खात्याच्या निधीतील कामे रद्द झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याला बांधाच्या दुरुस्तीची घोषणा करावी लागली. आपल्या ‘एक पैही नाही’ या नियमाने बांध तसाच ठेवून खालच्या वस्तीला काय सांगायचे होते?

मागल्या दाराच्या आरोपाबद्दल इतकेच म्हणतो की बांधाची दुरुस्ती आणि भिंतीचे बांधकाम यांतला फरक ज्याला पाहायचा आहे त्याला दिसतो. लेखाच्या लांबीविषयीच्या तक्रारीला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

पुन्हा लिहिणार असाल तर एकाच गोष्टीवर लिहा : नोटीस निघाल्यावर त्या रात्री पंप चालू ठेवण्याच्या कागदावर सही कोणी करायची, आणि डिझेल कोणत्या लेखाशीर्षातून घ्यायचे? माझ्या लेखाचा निम्मा भाग याच प्रश्नावर होता, आणि आपल्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. आपले उत्तर मी जसेच्या तसे इथे ठेवीन. ‘वकिली’ हा शब्द मात्र त्याआधी मागे घ्यावा, ही विनंती.