लीज म्हणजे विक्री नव्हे, म्हणे!

‘प्रशासक होते तेव्हा कामं धडाधड झाली, आता नगरसेवक परत आले, पुन्हा सगळं अडणार’ अशा सुरुवातीचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. (प्रशासक म्हणजे नगरसेवकांची मुदत संपल्यावर सभेचे अधिकारही ज्यांच्याकडे गेले ते आयुक्त.) पालिकेच्या जागा लीजवर दिल्या की पैसा येईल आणि करवाढ टळेल, असाही त्यात दावा. शेवटी मागणी अशी, की महापालिकेच्या जागा देण्याचे अधिकार सरळ आयुक्तांना देऊन टाका, नगरसेवकांच्या सभेची मंजुरी हवीच कशाला? उभा जन्म सातबारे चाळण्यात घालवलेल्या आमच्या मामांनीही तो ‘विचार करण्यासारखं आहे’ असं लिहून पुढे ढकलला. मग मात्र गप्प बसवेना.

पहिला दावा, प्रत्येक प्रकल्पाची फाईल सभेत अडते. साफ खोटं. खासगी जागेवरची बांधकाम परवानगी सभेपुढे येतच नाही. प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 44-45 खाली ती नगररचना आणि बांधकाम विभागात, आयुक्तांच्या अधिकारात निघते. टॉवर रखडला असेल तर त्याचं बिल नगरसेवकाच्या नावावर फाडू नका. सभेपुढे येतात ते धोरणाचे, पैशांचे, विकास आराखड्यातल्या बदलांचे आणि पालिकेच्या स्वतःच्या जमिनीचे विषय.

जमिनीतही सगळं सभेकडे नाही. मुंबईला 1888 चा वेगळा कायदा आहे, बाकी महापालिकांना 1949 चा. त्याच्या कलम 79 प्रमाणे एका वेळी 12 महिन्यांपर्यंतचा भाडेपट्टा (म्हणजेच लीज) आयुक्त स्वतः देऊ शकतात, फक्त 15 दिवसांत स्थायी समितीला कळवायचं. त्याहून लांबचा असेल तर समितीची किंवा मुख्य सभेची मंजुरी. विकायचीच असेल तर मुख्य सभेची. आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नको. ‘चालू’ हे महत्त्वाचं, कारण दोन वर्षांपूर्वीचा मूल्यांकन अहवाल जोडून आज प्रस्ताव आणण्याची सवय जुनी आहे.

आता त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य: ‘तीस वर्षांची लीज म्हणजे विक्री नाही, जमीन पालिकेचीच राहते, मग एवढा आरडाओरडा कशाला?’

हे सरकारलाच पटत नाही, तर तुम्हा-आम्हाला का पटावं? महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचा अनुच्छेद 36 काढून बघा. भाडेपट्टा पाच वर्षांपर्यंतचा असेल तर जागेच्या बाजारमूल्याच्या 10 टक्क्यांवर, दहापर्यंत 25 टक्क्यांवर, एकोणतीसपर्यंत 50 टक्क्यांवर आणि 29 वर्षांच्या पुढे गेला की 90 टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने मुद्रांक शुल्क लागतं. समजा 4,000 चौरस मीटरचा भूखंड आहे आणि रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर चौरस मीटरला 40,000 रुपये. बाजारमूल्य 16 कोटी. 30 वर्षांच्या पट्ट्यावर शुल्काची आकारणी 14 कोटी 40 लाखांवर होणार. म्हणजे मुद्रांक कार्यालयाच्या लेखी हा व्यवहार दहातले नऊ हिस्से विक्रीच आहे. ‘मग 29 वर्षं लिहू आणि नूतनीकरणाचं कलम टाकू’ ही शक्कलही तिथे चालत नाही. नूतनीकरणाची मुदत करारात लिहिली असेल तर ती मूळ मुदतीतच धरतात.

कागद हातात आला की मुदतीइतकीच आणखी तीन कलमं पाहायची. पट्ट्याचा हक्क बँकेकडे गहाण ठेवायची मुभा आहे का? पोटभाड्याने किंवा तिसऱ्याच्या नावे करता येतो का? मुदत संपल्यावर बांधकाम कोणाचं, आणि त्याची भरपाई पालिकेने द्यायची का? पहिल्या दोन्हींना ‘हो’ असेल आणि तिसऱ्यात भरपाई पालिकेच्या गळ्यात असेल, तर तीस वर्षांनी जागा परत घेणं पालिकेला परवडतच नाही. एकरकमी अधिमूल्य (प्रीमियम) घेऊन पुढे वर्षाला एक रुपया भाडं ठरलं असेल तर विचारूच नका. ते पैसे पहिल्या दोन-तीन अंदाजपत्रकांत खर्च झालेले असतात. करवाढ टळेल हा मेसेजमधला दावा तिथेच संपतो.

पट्टा संपला म्हणून जागा चालत परत येत नाही. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचा पट्टा 2013 मध्ये संपला. 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानाला आणि 91 एकर पुन्हा 30 वर्षांच्या पट्ट्याने, हे ठरायला 2024 उजाडलं. तेव्हा मुंबईत सभागृहच नव्हतं.

‘ई-निविदा झाली म्हणजे पारदर्शक’ हेही अर्धंच. निविदेतून दर कळतो. जागा द्यावी का, हा प्रश्न त्याआधीचा. शिवाय उलाढालीची आणि ‘तत्सम कामाच्या अनुभवाची’ अट कोणाच्या मापाने शिवली आहे, ते मूळ निविदेपेक्षा नंतरच्या शुद्धिपत्रकात जास्त दिसतं.

एक गोष्ट कबूल करावीच लागते. सभागृहं धुतल्या तांदळासारखी नाहीत. विषय महिनोन्महिने पुढे ढकलायचा आणि ‘समजूत’ पटली की ऐनवेळचा विषय म्हणून चर्चेविना एकमताने मंजूर करायचा, हे सर्वपक्षीय आहे. पण त्यावर तोड म्हणून मंजुरीच काढली तर काय होतं, हे 2022 पासूनच्या प्रशासकराजात दिसलं. प्रस्ताव आयुक्तांचा, मंजुरी प्रशासकांची, आणि माणूस एकच. सभेत निदान विषयपत्रिका निघते, कोणीतरी उपसूचना देतो, विरोधी मताची नोंद इतिवृत्तात राहते, पुढे कोर्टात तीच कामाला येते.

राहिला ‘हरकती घेऊन काही होत नाही’ हा दावा. मोघम हरकतीने होत नाही, खरंय. जागेचं आरक्षण, म्हणजे विकास आराखड्यात ठरलेला वापर, बदलायचं असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली सूचना निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. माहिती अधिकाराचं उत्तर यायलाही 30 दिवस लागतात, तोवर मुदत उलटते. म्हणून अर्ज टाकून वाट बघत बसू नका. अनेक महापालिकांत सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात, तिथे जा. मूल्यांकन अहवाल, आयुक्तांची टिप्पणी आणि विकास आराखड्यातला त्या जागेचा भाग नकाशा मागा. हरकतीत सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक आणि अहवालाची तारीख घाला, आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.