फळा पुसा, पासवर्ड आठवा

नव्यानेच प्राध्यापक झालात? अभिनंदन! विषयाची तयारी नंतर करता येईल, आधी प्रोजेक्टरची केबल शोधायला शिका. तासाची पहिली दहा मिनिटं त्यात जातात, पुढची पाच पासवर्ड आठवण्यात. उरलेल्या वेळात स्लाइड वाचून दाखवा. वर्गाकडे पाठ करून वाचलीत तर फारच छान, मुलांना मोबाइल लपवायचे कष्ट पडत नाहीत. पॉवरपॉइंट १९८७ पासून आहे. तुमच्या स्लाइडही तेव्हाच्याच वाटल्या, तर पहिल्या पानावर ‘इंटरॅक्टिव्ह’ असा शब्द टाका.

तास रेकॉर्ड करून ठेवायला विसरू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं तो दुप्पट वेगाने बघतात. तुमचा आवाज उंदरासारखा येतो खरा, पण वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तुमचं ऐकत असतं.

आकड्यांची भीती बाळगू नका. २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या मोफत ऑनलाइन वर्गात सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं, शेवटपर्यंत टिकले सुमारे २३,०००. अहवालात नेहमी पहिला आकडा लिहावा. दुसरा कुणी विचारत नाही.

ग्रंथालयही पुन्हा गजबजलंय म्हणे. जागेवरून भांडणं होतात. प्लगजवळच्या.

आता निबंध. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि मुलांचं शुद्धलेखन एकाएकी सुधारलं. त्याचं श्रेय बिनदिक्कत घ्या. फारच संशय आला, तर निबंध माणसाने लिहिला की यंत्राने, हे सांगणारं सॉफ्टवेअर लावा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच असं एक साधन २०२३च्या जानेवारीत आणलं होतं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत गुंडाळलं. पण बनवणाऱ्यांना काय कळतंय! तुम्ही सॉफ्टवेअर दाखवेल तो टक्का बघा आणि शिक्षा ठोठावा. एखाद्याने खरंच स्वतः लिहिलं असेल, तर ते सिद्ध करणं त्याचं काम.

राहता राहिली हजेरी. नावं पुकारण्याचा गावंढळपणा सोडा, पडद्यावर क्यूआर कोड लावा. पहिल्या बाकावरचा मुलगा लगेच मोबाइल वर धरेल, फोटो काढेल, अंगठ्याने दोन टिचक्या मारेल. तो स्कॅन करतोय असं समजा. कोड वर्गाच्या ग्रुपवर पोचला की हॉस्टेलच्या गाद्यांवरून भराभर हजेऱ्या पडू लागतील. कोड दर दहा सेकंदांनी बदलत असेल, तरी काळजी नसावी. मुलगा व्हिडिओ कॉल लावेल. समोर एकोणीस डोकी आणि पडद्यावर ‘उपस्थित ६१’ असं दिसलं, की डोकी मोजत बसू नका. पडद्यावर विश्वास ठेवा.

एखादी मुलगी उठून म्हणेल, “सर, माझा मोबाइल बंद पडलाय, पण मी आलेय ना.” तिला समजावून सांगा, की सिस्टिममध्ये ती गैरहजर आहे. तरीही ती खाली बसेल, वही उघडेल आणि मघाच्या समीकरणात उणे चिन्ह कुठून आलं, असं विचारेल. उत्तर देऊ नका. गैरहजर विद्यार्थ्यांच्या शंका पोर्टलवरच घ्यायच्या असतात.