पांढरी पाचातला भुंगा

"गिटारीत भुंगो गेलो काय रे?" आजीनं माजघरातून विचारलं.

प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरात उन्हाळ्यात भुंगे वाशांना भोकं पाडतात, खाली पिवळा भुसा पडतो आणि आजी रॉकेलचा बोळा घेऊन उठते. फरक इतकाच, की हा भुंगा ॲम्प्लिफायरचं बटण दाबल्यावर यायचा आणि रॉकेलला दाद देत नव्हता.

गिटार इलेक्ट्रिक, मुंबईच्या मावसभावाची. लग्न झाल्यावर त्यानं ती मला दिली, म्हणजे वहिनीनं द्यायला लावली. दोन पावसाळे ती आमच्या माळ्यावर होती. इथे दोन पावसाळ्यांत पितळी कडीलासुद्धा म्हातारपण येतं, मग गिटारीचं काय.

संध्याकाळी भजनाचे बुवा आले होते. त्यांनी पेटी उघडली, दोन सूर दाबून पाहिले आणि मान डोलावली. "हो तुझो भुंगो पांढरी पाचात गाता हा. पण जरासो चढो." मी नंतर हिशेब केला. आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झची, आणि पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, खूप खालच्या सप्तकात ४९ हर्ट्झला बसते. म्हणजे बुवांचा कान बरोबर होता. इतकी वर्षं आमचा फ्रीज सुरात होता आणि कुणी त्याचं कौतुक केलं नव्हतं.

दोष कुठे आहे ते शोधायला मी गिटार गळ्यात अडकवून घरभर फिरू लागलो. या जातीच्या गिटारीच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात, म्हणजे एक कॉइल. गिटारीच्या तारांची थरथर त्यांनी टिपायची, एवढंच काम. पण त्यांना तारेची थरथर काय आणि मीटरबोर्डाची काय, सगळं सारखंच. फ्रीजजवळ गेलो की भुंगा मोठा, पंख्याचा रेग्युलेटर अर्ध्यावर ठेवला की त्याला करवतीचे दात फुटायचे. जागच्या जागी गोल फिरलो तर एका दिशेला तो जवळजवळ गप्प व्हायचा. ती दिशा गोठ्याची. तळहातावर नारळ ठेवून विहिरीची जागा शोधत हिंडणारा पाणाड्या आणि मी, यांत फरक एवढाच की पाणाड्याला दक्षिणा मिळते.

काका निवृत्त वायरमन. ते आले, गिटारीकडे पाहिलंच नाही, थेट प्लग उपसला. "दोन पिनीचो प्लग लावतस आणि गिटारीक शिव्या घालतस?" तीन पिनी बसवून झाल्या, तरी ॲम्पच्या पत्र्याला बोट लावलं की मुंग्या येतच होत्या. मग काकांनी मागच्या दाराचा अर्थिंगचा खड्डा दाखवला. कोळसा आणि मीठ घालून त्यांनीच कधीतरी भरलेला. वैशाखात जांभ्याचा कातळ असा सुकतो की वीज जमिनीत जायला तयार नसते. दोन बादल्या पाणी ओतलं. मुंग्या गेल्या. भुंगा राहिला.

इंटरनेटवर सगळ्यांचा एकच सल्ला, पिकअप बदला. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइलच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यात दोन कॉइल अशा उलटसुलट बसवतात की विजेची घरघर एकमेकींना खाऊन टाकते आणि तारांचा सूर मात्र दुप्पट होतो. भावकीतल्या दोन दाव्यांसारखं, एकाचा निकाल दुसऱ्याला खातो. फक्त इथे वकिलाऐवजी शेवटी काहीतरी हाताला लागतं. पण त्याला पैसे पडतात, आणि आमच्याकडे पैसे आंब्यानंतर येतात.

खरी खूण मला योगायोगानं मिळाली. चांगल्या गिटारीच्या तारांना हात लावला की घरघर कमी होते, कारण वाजवणारा माणूसही अर्थिंगला जोडला जातो. माझ्या तारांना हात लावून काही होत नव्हतं. मात्र केबल खोचायच्या जॅकच्या पत्र्याला करंगळी लागली आणि भुंगा एकदम बसला. म्हणजे अर्थिंग जॅकपर्यंत पोचत होतं, तारांपर्यंत नाही. करंगळी तिथेच ठेवून वाजवता आलं असतं, पण मग राग भीमपलास चार बोटांत आवरावा लागला असता.

मागचं झाकण उघडलं. तारांपर्यंत अर्थिंग नेणाऱ्या स्प्रिंगा अडकवायची लोखंडी पट्टी गंजून भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी झालेली, आणि तिला जोडलेली काळी वायर सुटून बाजूला लोंबत होती, टोकाला हिरवं किटण. खाऱ्या वाऱ्याचं काम.

माझी इस्त्री, म्हणजे सोल्डरची, २५ वॅटची. एवढी मोठी पट्टी ती तापवायची कशी? शिशाचा थेंब अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळून चड्डीवर पडला. ती चड्डी आजीनं पोछ्याला घेतली. शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून ६० वॅटची आणली. पॉलिशपेपरनं पट्टी घासून चकचकीत केली, पेस्ट लावली, टोक टेकवून मनात वीसपर्यंत आकडे मोजले. आणि मग तो थेंब गोळा न होता, तव्यावरच्या तुपासारखा अलगद पसरला.

भुंगा मेला नाही. पण तारांवर हात ठेवला की खोलीबाहेर जातो, आणि गोठ्याकडे तोंड केलं की जवळजवळ जातोच. त्यामुळे मी श्रोत्यांकडे पाठ करून वाजवतो. श्रोते म्हणजे आजी. तिला चालतं.

काल काकांचा फोन आला. भिंतीत खिळा ठोकायचा होता आणि आतून पंपाची लाइन कुठून गेलीय ते आता त्यांनाच आठवेना.

"पंप चालू करून ठेवतंय," ते म्हणाले. "तू तुझो भुंगो घेवन ये."