‘इन-आउट वापरलं की पत्त्यांची टक्कर होत नाही’: ८०८५बद्दलचा हा दावा तपासून घ्या

८०८५ या आठ बिटांच्या मायक्रोप्रोसेसरच्या नोट्समध्ये एक वाक्य हमखास फिरतं: "आयओ मॅप्ड पद्धतीत २५६ उपकरणं जोडता येतात, ती मेमरी मॅप्डपेक्षा वेगवान असते आणि पोर्टचे पत्ते वेगळे असल्याने मेमरीशी टक्कर होत नाही." (आयओ मॅप्ड म्हणजे उपकरणांना ‘पोर्ट’ म्हणून वेगळे पत्ते देऊन इन-आउट या सूचनांनी वाचणं-लिहिणं; मेमरी मॅप्ड म्हणजे त्यांना मेमरीचेच पत्ते देणं.) तिन्ही विधानं अर्धवट आहेत. तिसरं तर बोर्ड जोडणाऱ्याला थेट गोत्यात आणतं.

"२५६ उपकरणं." २५६ हे पत्ते आहेत. एक ८२५५ (तीन पोर्टची आयओ चिप) चार पत्ते घेते, म्हणून अशा चिप्स ६४च बसतात. उलट साधे बफर-लॅच असतील, तर ८०एच (एच म्हणजे हेक्स) या एकाच पत्त्यावर वाचायला ७४एलएस२४४ आणि लिहायला ७४एलएस३७३ चालतो. म्हणजे २५६ इनपुट आणि शिवाय २५६ आउटपुट.

"वेगवान." इनला १० टी-स्टेट (घड्याळाचे ठोके), मेमरीतून वाचणाऱ्या एलडीएला १३, तुलना इथेच थांबवतात. एचएल या रजिस्टर जोडीत पत्ता एकदा भरला की ‘मूव्ह ए, एम’ ७ टी-स्टेटमध्ये होतं. एचएल अडकून पडते, हे खरं. पण पोर्ट सतत वाचणाऱ्या लूपमध्ये मेमरी मॅप्डच सरस ठरते.

"टक्कर होत नाही." आरडी (वाचा) आणि डब्ल्यूआर (लिहा) या पिना मेमरी आणि पोर्ट दोघांना सामाईक असतात. फरक सांगते ती फक्त आयओ/एम पिन (पोर्टसाठी १, मेमरीसाठी ०). पोर्टचा पत्ता ए१५–ए८ या वरच्या पत्ता-ओळींवरही येतो, म्हणून खालचा पत्ता धरून ठेवणारा लॅच वाचवायला बरेच जण ७४एलएस१३८ हा डिकोडर तिथूनच चालवतात: ए१५ जी१ला, ए१४ आणि ए१३ दोन्ही जी२ना (जी म्हणजे डिकोडर चालू करणाऱ्या पिना), ए१२ ते ए१० निवडीला, आणि ए९-ए८ थेट ८२५५च्या ए१-ए०ला. डिकोडरच्या वाय० या आउटपुटवर ८०एच ते ८३एच छान मिळतात. पण यात आयओ/एम कुठेच नाही! त्यामुळे मेमरीचे ८०००एच ते ८३एफएफएच हे पत्तेही तीच चिप उचलते. तिथे रॅम असेल, तर वाचताना दोघी एकदम डेटा बसवर येतात आणि भलताच बाइट हाती लागतो.

खात्री करायला पोर्ट ए आउटपुट ठेवून एलईडी लावा आणि ‘एसटीए ८०००एच’ (मेमरीच्या त्या पत्त्यावर लिहिणारी सूचना) चालवा. एलईडी बदलले, तर चूक हीच. उपाय: आयओ/एम ७४एलएस०४ने उलटवून ७४एलएस३२मध्ये आरडीशी ऑर करा आणि तो सिग्नल ८२५५च्या आरडीला द्या, डब्ल्यूआरचंही तसंच. मेमरीकडे मात्र आयओ/एम न उलटवता ऑर करायचा, नाहीतर ‘इन ८०एच’ला रॅमही उत्तर देईल.