न्यूटनच्या घरात कापूस भरलेला नव्हता

2020 मध्ये लॉकडाऊन लागल्यापासून एक मेसेज प्रत्येक ग्रुपवर फिरत होता. सार असं: प्लेगमुळे न्यूटन घरी बसला आणि त्यानं गुरुत्वाकर्षण शोधलं. तुम्हालाही तसाच वेळ मिळालाय. वेगळी खोली घ्या, मोबाईल दूर ठेवा, ठरल्या वेळी कामाला बसा. गावात असाल तर शांतता फुकट. तरीही नवं काही सुचलं नाही, तर कमतरता वेळेची नव्हती, शिस्तीची होती.

आधी न्यूटनचं पाहू. 1665 मध्ये केंब्रिज बंद झालं तेव्हा तो 22 वर्षांचा, बिनलग्नाचा होता. मधला थोडा काळ सोडला तर 1667 पर्यंत तो आपल्या गावीच होता. गणितातलं त्याचं काम केंब्रिजातच सुरू झालं होतं, आणि गुरुत्वाकर्षणावरचा ग्रंथ छापून आला तो थेट 1687 मध्ये. घरी शेती होती, पण आईनं त्याला आधीच शेतीत घालून पाहिलं होतं आणि हा काही कामाचा नाही म्हणून परत शाळेत धाडलं होतं. आमच्याकडे वऱ्हाडात अशी सूट मिळत नाही. लॅपटॉप उघडला की ओसरीतून आवाज येतो, "बाबू, रिकामाच बसला आहेस त ढोरायले पानी दाखव." सकाळी दहाचा ऑफिसचा कॉलही न्यूटनला नव्हता.

वेगळी खोली? त्या वर्षी 25 मार्चपासून सगळं बंद झालं, कापसातून सरकी काढणारे जिनिंग थांबले, खरेदी थांबली. ज्यांचा कापूस विकायचा राहिला होता, त्यांच्या घरात तो तसाच पडून राहिला, आणि घरात वेगळी खोली असते ती नेमकी त्यालाच दिलेली असते. त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसा. थोड्याच वेळात मानेला आणि पोटऱ्यांना खाज सुटते. हेडफोन लावून 'येस सर' म्हणत एका हातानं पोटरी खाजवणारा माणूस हा त्या वर्षीचा वऱ्हाडातला आयटीवाला.

मोबाईल दूर ठेवा, हे तर शहरातल्या वायफायवाल्याचं बोलणं. इथे मोबाईल म्हणजेच नेट. तो स्लॅबच्या कठड्यावर, टॉवर पकडेल अशा कोपऱ्यात ठेवायचा आणि हॉटस्पॉटवर खाली काम करायचं. ऊन चढलं की फोन तापून बंद पडतो, मग ओल्या फडक्यावर ठेवून थंड करायचा. तेव्हा पोट्ट्यांची शाळा त्याच फोनवर होती, कापूस खरेदीसाठी नाव नोंदवायचं तेही त्याच्यावरच.

शांततेबद्दल एवढंच, की मेसेज लिहिणाऱ्यानं आमचा कूलर ऐकलेला नाही.

ठरल्या वेळी बसा, हे मात्र खरं आहे. फक्त वेळ कोण ठरवतं, तेवढं मेसेजमध्ये नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि टिनाखाली दुपारी बारा ते पाच डोकं चालत नाही. तेव्हा बिलं भरणं, फाईलींना नावं देणं असली हमाली करावी. जे सुचायला हवं ते पहाटे गच्चीवर, ऊन यायच्या आत. अवकाळीचा वारा सुटला की लाईन जाते, म्हणून लागणाऱ्या फाईली आधीच उतरवून ठेवायच्या आणि जवळ एक वही असू द्यायची. माझी बरीचशी बरी कामं लाईन गेलेली असताना वहीतच झाली आहेत, कारण तेव्हा मेल येत नाहीत.

आणि शिस्त. घरून नोकरी करणारी सून चारला उठून पाणी भरते, सगळ्यांचा स्वयंपाक उरकते आणि मग लॉगिन करते. तिला शिस्त शिकवायला निघालेल्यानं तिचा एक दिवस काढून दाखवावा.

तिला किंवा मला उपयोग झाला असता तो ऑफिसनं वेळा बदलण्याचा. तीनची मीटिंग सकाळी आठला घ्या, असं मी शेवटी पुण्याच्या साहेबांना म्हटलं आणि कारणही सांगितलं. ते लगेच हो म्हणाले. तोवर त्यांना वाटत होतं माझा कॅमेरा बिघडलाय.